पहिली प्रत

मंगळवार, संध्याकाळ. बदलापूर

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची दोन बोटं मोडलीत. साप्ताहिक छापून आलं की पहिली प्रत, ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याला स्वतः नेऊन द्यायची, ही बाबांची पद्धत. ते गेल्यानंतरचा हा माझा पहिला अंक. नदीत रसायन सोडणाऱ्या कारखानदाराला तो गेटवर दिला, तर त्याच्या माणसांनी मला सळईने झोडपलं. मीही एकाच्या मनगटाला कडकडून चावलो. ती चव अजून तोंडात आहे.

"बाप सुधारला नाही, तू तरी सुधर," कारखानदार म्हणाला.

बोटं बांधताना आई म्हणाली, "त्यांचीही हीच दोन मोडली होती."

मग हे माझं धाडस, की बाबांची नुसती नक्कल? माहीत नाही. पण रक्ताने भिजलेली ती प्रत त्याला वाचता आली नसणार. उद्या दुसरी नेऊन द्यावी लागेल.