पिंपाचा देवमासा

६ ऑक्टोबर, सोमवार
देवमासा आला. निळं प्लास्टिकचं पिंप! मुळशी धरणाच्या पाण्यात ते दोराने ओढायचं, आणि आम्ही आठ शहाण्यांनी दुसऱ्या बोटीतून त्याला ‘त्रास न देता’ बघायचं. जबाबदार देवमासा-पर्यटनाचं प्रशिक्षण म्हणे! समुद्र ताम्हिणी घाट उतरून कुठल्या कुठे. पण शिकवणारे शैलेश सर टोपी घालून कप्तान झालेत — "नो चेजिंग, गाइज! शंभर मीटर म्हणजे शंभर मीटर!" पिंप काय पळून जाणारे?

पिंप ओढतो कुशाबा. इथलाच, जमीन विकून बोट घेतलेला. गालात कायम तंबाखू, पचापच पाण्यात थुंकतो. मला म्हणाला, "तुमी हापिसातल्या दिसताय. पवायला येतंय का?" मी नाकाला रुमाल लावून लांब सरकले.

७ ऑक्टोबर
आठांतून एकालाच वेंगुर्ल्याच्या बोटीवर गाइडची नोकरी. मला मिळायलाच हवी. हिंजवडीची टेस्टिंगची नोकरी सोडलीय हे लातूरला अजून कुणाला माहीत नाही. आईचा फोन — "ऑफिसात एसी लई लावून घेऊ नको गं क्षितिजा." नाही लावत, आई.

९ ऑक्टोबर
आमच्या आठांतला तो निषाद पिंपासोबत सेल्फी काढायला वाकला, गॉगल पाण्यात. छान झालं! बोट चालवायची पाळी आली की सगळे तेच करतात — पिंपाला आडवे जातात, घेरतात, शिट्ट्या मारतात. गाढवं नुसती. मी आपली बोट लांबच ठेवते. वाऱ्याबरोबर कुशाबाची थुंकी येते, दुसरं काय!

१० ऑक्टोबर
डोकं दुखतंय. उद्या परीक्षा.

११ ऑक्टोबर, शनिवार
मार्क कोण देणार? कुशाबा!! "त्रास झाला का नाही ते देवमाशालाच विचारू," इति शैलेश सर. पाच दिवसांत त्या माणसाशी मी धड पाच शब्द बोलले नव्हते. संपलं, म्हटलं. जा आता लातूरला.

सगळ्यांच्या फेऱ्या झाल्यावर कुशाबाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई. बाकीच्यांनी लई पिडलं. कुनी आडवं आलं, कुनी मागंच लागलं. ह्यांनी वाट मोकळी ठिवली. ह्यांना जवळ यायची हावच न्हाई."

टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "याला संयम म्हणतात!" कसला संयम? किळस येत होती, एवढंच. पण हे तिथे कशाला बोलू? नोकरी मिळाली. आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "लाटांना भेत न्हाईस ना?"

२८ नोव्हेंबर, वेंगुर्ला
नववी फेरी, नुसतं पाणी. पुण्याच्या एक बाई — "मॅडम, दिसणार नव्हता तर आणलंत कशाला?" वर वेफर्सची पिशवी समुद्रात सोडत होत्या. हात धरला मी. असल्या लोकांना देवमासा न दिसलेलाच बरा.

३ डिसेंबर
आज दिसले. मायलेकरू! दोघांचा श्वास कानांनी ऐकला. बोटीतले पंचवीसच्या पंचवीस लोक गप्प. बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांनी आपणहून इंजिन थांबवलं. "जवळ घ्या ना काका! अजून जवळ!" — मी ओरडले. मी!