दादाच्या मरणाची बातमी

माघ व. २
हरद्वाराकडून गोसावी आला. म्हणाला, तुमचे दादा गेले. मानसरोवराच्या वाटेवर, बर्फात. सर्वांनी कपड्यानिशी स्नान केले. वहिनी न्हाणीतून बाहेर येईना.
संगमावरच्या साहेबाला हिमालयाचा नकाशा करायचा. गोऱ्याला पलीकडे भोटात, मानसरोवराच्या मुलखात, शिरू देत नाहीत, म्हणून दादाला यात्रेकरू करून धाडले. खिंडी कोठे, नदी कोठून निघते, पाहून येऊन सांगायचे. मी तेव्हाच म्हटले होते, साहेब उगाच कोणाला देवदर्शनाला धाडत नसतो.

व. ३
गोसाव्याला खोदून विचारले. देह? "बर्फ ले गया." कोणत्या खिंडीत? "सब एक जैसी." सगळा हिमालय तुडवलेला माणूस, आणि खिंड आठवत नाही! सुतकाच्या घरी भात मात्र मागून घेतला. गोसाव्याला विटाळ नसतो म्हणे.
निघताना वहिनी पाया पडली, तर तोंडातून "सौभाग्यवती रहो". मग माझ्याकडे पाहिले, झोळी उचलली, चालता झाला. जिभेची सवय? की…

व. ४
साहेबाचा मुनशी आला. सुस्कारा टाकून झाला, लगेच, "कुठवर पोचले होते? गोसाव्याला वाट सांगितली का? अन् नक्की गेले ना?" नक्की!
उठता उठता, "पुतळा कधी करणार?" देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, हे याला कोणी शिकवले? शास्त्रीबोवा म्हणतात, बारा वर्षे वाट पाहावी. मुनशी बारा दिवस थांबेलसे दिसत नाही.

व. ६
दादा जिवंत आहे. असावा. खिंड सापडली असेल. साहेबाला सांगावी तर उद्या त्याच वाटेने पलटण जाईल, हे न कळण्याइतका दादा भोळा नाही. म्हणून स्वतःचे मरण धाडले.
तसे असेल तर पुतळा जाळलाच पाहिजे, नाहीतर मुनशीला संशय येईल. आणि वहिनीचे कुंकू? जिवंत नवऱ्याच्या बायकोला मी विधवा करायचे? आणि हे सगळे माझ्याच मनाचे खेळ असले तर?

व. ७
मुठेपलीकडून पळसाची पाने आणवली. उद्या ओंकारेश्वराच्या घाटावर मुनशीही येणार, 'दुःखात सहभागी' व्हायला.
वहिनीला सगळे सांगितले. म्हटले, परत आला तर पुन्हा बारसे, पुन्हा मुंज, पुन्हा तुमच्याशीच लग्न. शास्त्रात सोय आहे. ती दाराआडून ऐकत होती. हसली नाही.
म्हणाली, "भावोजी, उद्या बायका बांगड्या फोडतील. तेव्हा रडायचं ते खरं की खोटं, एवढं सांगून ठेवा."
जन्मात पहिल्यांदा दादाचा राग आला.