देवीला दिलेला लिव्हरपूलचा पत्ता

मु. देवबाग,
माघ वद्य पंचमी, १९६२

चिरंजीव सत्यवान यास सुगंधाआक्काचे आशीर्वाद, आणि वर दोन शिव्याही, कारण तुझं पत्र चार महिन्यांनी आलं आणि त्यात तब्येतीची एक ओळ नाही. खोकला गेला का? पायमोजे घालतोस का? आम्ही इथे बरे आहोत. तुझे भावोजी बरे आहेत, त्यांचं होडकं बरं आहे, माझा गुडघा बरा नाही, पण तो तू गेलास तेव्हापासूनच बरा नाही, तेव्हा ती बातमी धरू नकोस.

आता तुझ्या पत्राचं. मला दुसऱ्या यत्तेपुरतीच अक्षरं येतात, म्हणून तीन दिवस वाचत बसले. बोटीवरची नोकरी सोडून तिथेच राहायचा तुझा विचार आहे, तुझी घरमालकीण हॉल्टबाई ज्या विक्का की काय त्या पंथात आहे त्यात जावं असं तुला वाटतं, आणि तो मानवेल का हे आक्का तूच सांग, असं लिहिलंस. (तुझ्या सदऱ्याचं कापडसुद्धा मीच निवडायचे. आता देव निवडून देते.) न बघता नावं ठेवणारी मी नाही. बघून ठेवते. म्हणून बाईच्या रीती तू ओळीने लिहून पाठवल्यास त्या इथे करून बघायचं ठरवलं. मनात एवढंच होतं की त्यातले चार दोष काढावेत, तुला कळवावेत आणि तू मुकाट घरी यावंस. लपवून काय करू?

पण आधी जत्रेतलं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. देवळात सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान गावच्या मानकऱ्याचा, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या दाजींचा. आता त्यांना सत्तरी उलटली, आणि जीभ एकदा वळली की वळली. गेली तीन वर्षं ते देवीला सांगतायत, "आमचो सत्यवान मुंबैक चाकरेक गेलो आसा, तेका सुखरूप घराक हाड गे माये," आणि मागून सगळे बाप्ये "व्हय म्हाराजा" म्हणतात. म्हणजे देवी तीन वर्षं तुला मुंबईत शोधते आहे! परळ झालं, माझगाव झालं, गोदीत जाऊन आली असेल बिचारी. आणि आम्ही इथे म्हणतोय, पोर येत का नाही. यंदा मला राहवलं नाही. बायकांच्या घोळक्यातून मी ओरडले, "मुंबैत नाय, विलायतेत आसा तो!" ओरडले ते नेमकं दाजी श्वास घेत होते तेव्हा, त्यामुळे चार जणांनी सवयीने माझ्यावरच "व्हय म्हाराजा" म्हटलं. दाजी भडकले. म्हणाले, "सुगंधा, गाऱ्हाण्यात बायलमाणसान तोंड घालूचा नसता." मी म्हटलं, "मगे बाप्यांनी पत्तो तरी धड सांगूचो." तेव्हापासून ते आमच्या घरावरून जाताना समुद्राकडे तोंड करून जातात.

तर रीती. पहिली, केरसुणीने जागा झाडून काढायची. ही सोपी, रोजचीच. (मात्र तिथे नवराबायको हातात हात घालून केरसुणीवरून उडी मारतात असं तू लिहिलंस, ते मला आवडलं नाही. केरसुणीला पाय लागला तर आम्ही पाया पडतो. आणि तुला कोणी उडी मारायला बोलावलं तर कोणाबरोबर ते आधी विचार.) दुसरी, वाटीत मीठ घालून ते पाणी शिंपडायचं. आमच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, त्यात मी वाटीभर मीठ कुठे भिजवत बसू? पावलाभर जाऊन ओंजळ भरून आणली. तिसरी, अंगावर कपडे न ठेवता चंद्रासमोर उभं राहायचं, असं काही जणी करतात. करू देत. मी लुगडं नेसूनच उभी राहिले. देवीला माझं लुगडं आडवं येत असेल तर तिने तसं मला सांगावं. चौथी, गोल रिंगण काढून आत उभं राहायचं आणि देवीशी आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत बोलायचं. मधे भट नाही, मानकरी नाही, बाईमाणसाने बोलायचं. ही ओळ मी दोनदा वाचली.

पुनवेच्या दिवशी तिन्हीसांजेला घरापुढच्या खळ्यात रिंगण काढलं. पिठाचं काढलं ते कोंबड्यांनी खाल्लं, मग राखेचं काढलं. खाडीपलीकडून चंद्र वर आला. मी हात जोडले तेवढ्यात शेजारची पद्मावती विस्तव मागायला आली. "कोणाक बोलवतंस गो?" म्हणाली. "देवीक," मी म्हटलं, "गप ऱ्हव." ती कसली गप्प राहते? मी पहिलं वाक्य म्हटलं आणि तिने रिंगणाबाहेरून "व्हय म्हाराजा" म्हटलं! पहिल्यांदा राग आला. पण खरं सांगते, मागून कोणी व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. हॉल्टबाईच्या रीतीत ते नाही, तिला सांग, घालून घे.

मग मी पत्ता सांगितला. गाव लिव्हरपूल, गोदीच्या मागची गल्ली, घर नंबर अठ्ठावीस. तर मागून आवाज आला, "अठ्ठावीस नाय, अडतीस." बघते तर तुझे भावोजी, खांद्यावर ओलं जाळं घेऊन उभे. ज्यांना स्वतःची सही येत नाही ते! इंग्रजी पत्ता पोस्टमास्तर लिहितात तेव्हा हे समोर उभे राहून ऐकतात, तीन वर्षं ऐकून पाठ झालेला. मी अडतीस म्हटलं. दोघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग ते म्हणाले, "झाला? माका भूक लागली हा." जाळं ठेवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर : हा पंथ तुला मानवणार नाही. पंथ वाईट नाही. केरसुणी, मीठ, चंद्र, पाणी, सगळं ओळखीचंच निघालं, चार दोष काढायचे तर दीडच निघाला. पण त्यात आपलं आपण बोलावं लागतं, आणि तू लहानपणापासून पाटी हवी तरी बाबांना माझ्याकडून सांगायचास. हे तिथे राहायचंसुद्धा तू थेट विचारलं नाहीस, देवाच्या आड लपून विचारलंस. मला कळत नाही असं समजू नकोस.

हॉल्टबाईला नमस्कार सांग. तुला जेवायला घालते, बाई चांगलीच असणार.

तुझी आक्का,
सुगंधा

ता. क. : दाजी काल खळ्यापर्यंत आले होते. पुढच्या जत्रेसाठी तुझा पत्ता कागदावर लिहून मागत होते. देते म्हटलं. दिला नाही.

ता. क. : तू पहिल्या पुनवेचंच लिहिलंस. दुसऱ्या पुनवेला काय करतात ते बाईला विचारून लगेच कळव. पद्मावती रोज विचारते. मी काही विचारत नाही.

ता. क. : वर मानवणार नाही लिहिलं ते तुझ्यापुरतं. मला मानवला. पण एका घरातून एक माणूस त्या पंथात गेलं म्हणजे पुरे झालं. त्या पंथाचं मी बघते. तू ये.