पितळेचे कठडे

प्रिय नागिसा,

हे पत्र कंपनीच्या कचेरीतून फिरत फिरत तुझ्या जहाजावर कधी पोचेल कोण जाणे. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन आला की तुझे बाबा शेजारच्या खोलीतला टीव्ही बारीक करतात आणि ऐकत नसल्याचं सोंग आणतात. तू जहाजावर नोकरी धरलीस तेव्हापासून हे असंच आहे. तुझ्याशी बोलायचं नाही, आणि तुझा एक शब्द निसटूही द्यायचा नाही. आत्ता ते हिराओकांच्या सलूनमध्ये केस कापायला गेलेत. केस उरलेत मोजके, पण दोघांच्या गप्पा संपत नाहीत, म्हणून मला वेळ आहे.

इथे कुरे गावात थंडी पडलीय, कालवं छान आलीत. बाकी घरात जेवायला जागा नाही, कारण टेबलावर पुन्हा एक छोटं जहाज आलंय. तुझ्या बाबांची ही भातुकली तुला नवी नाही. पण आजवर त्यांनी केल्या त्या सगळ्या युद्धनौका, खोक्यातून सुटे भाग काढून जोडलेल्या. या वेळी खोकंच आलं नाही. वसंतात त्यांनी लाकडाचा एक तुकडा तासायला घेतला. मी विचारलं, "हे कुठलं?" तर म्हणाले, "मालवाहू आहे एक." हिराओका तर हसायलाच लागले. "अहो तेत्सुरो-सान, कोळसा वाहणारं जहाज? छोट्या जहाजांच्या प्रदर्शनात कोण ढुंकून बघणार त्याच्याकडे?" बाबा म्हणाले, "नका बघू," आणि तासत राहिले.

मग पितळेचं काम सुरू झालं. कठडे, शिड्या, क्रेनच्या जाळ्या, सगळं कागदाहून पातळ पितळी पत्र्यातून सोडवून काढायचं. इतकी वर्षं मी या कामाकडे पाठ करून भांडी घासली. या वेळी त्यांनी मला दिवा धरायला बसवलं आणि भिंग हातात दिलं, आणि नागिसा, मी थक्क झाले गं. एक शिडी होती, माझ्या नखाच्या कडेएवढी. भिंगातून बघितलं तर तिला पायऱ्या होत्या, एकेक सुटी, आणि पायऱ्यांमधून पलीकडचा टेबलक्लॉथ दिसत होता! बाबांनी दोन ब्लेडच्या मध्ये धरून ती दुमडली. सुईच्या टोकावर गोंदाचा ठिपका घेतला. तो जरा जास्त झाला की पितळ पांढरं पडतं आणि सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. मग त्यांनी श्वास रोखला. माझाही रोखला गेला. चहाचा कप उचलताना ज्यांचा हात थरथरतो, त्यांचा तोच हात त्या शिडीपाशी दगडासारखा स्थिर होता. शिडी बसली आणि लाकडाचा तो ठोकळा एकदम जहाज झाला. त्याच्यावरून कुणी चालू शकेल असं मला वाटायला लागलं. मला रडू आलं, आणि मी ते दिव्याच्या उजेडावर ढकललं.

कठडे त्यांनी सगळीकडे लावले. क्रेनच्या मागे, मालाच्या कोठारांवरच्या झाकणांच्या आडोशाला, जिथे नंतर भिंगानेही दिसणार नाही तिथेसुद्धा. हिराओका म्हणाले, "तिथे कशाला डोळे फोडताय? कुणाला दिसणार आहे?" बाबा मान वर न करता म्हणाले, "तिथून चालणाऱ्याला." हिराओकांनी खांदे उडवले. मलाही तेव्हा उलगडा झाला नाही, एवढी मी मठ्ठ.

उलगडा झाला तो परवा. बाबांनी चिमट्यात काहीतरी धरलं होतं, मी दिवा धरला होता, आणि त्यांनी चक्क सुस्कारा सोडला. श्वास रोखायचा हे मला रोज बजावणारा माणूस! तो तुकडा उडाला. मग काय, नेहमीचा सोहळा. हलायचं नाही, पाय उचलायचा नाही. मी माझा पातळ पायमोजा व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर ताणून बांधला आणि दोघं चटईवर रांगत कोपरा न् कोपरा फिरलो. शेवटी पायमोज्यावर धुळीच्या गोळ्यात काहीतरी चमकलं. मी आधी भिंग लावलं. ते माणूस होतं. तिळाहून लहान, पितळेचं. आणि त्याच्या मानेमागे बाबांनी गोंदाचा एक थेंब वाळवून बांधलेले केस केले होते. तू जसे बांधतेस तसेच, जरा डावीकडे कललेले.

मी ते बाबांच्या तळहातावर ठेवलं. तेव्हा ते बोलले. "बांधणाऱ्याला माहीत असतं गं," म्हणाले, "माणूस आणि समुद्र यांच्यामध्ये केवढासा पत्रा असतो ते. मी जन्मभर गोदीत तोच जोडला. मग कुठल्या तोंडाने म्हणू, जा बाई खुशाल?" तू निघालीस त्या दिवशी ते धक्क्यावर आले नाहीत, तो आपल्याला राग वाटला. राग नव्हता गं, ती भीती होती. तुझ्या कंपनीने छापलेल्या फोटोंवरून त्यांनी तुझं जहाज बांधलंय, आणि सगळ्यात जास्त वेळ घालवलाय तो कठड्यांवर.

जहाज आता पूर्ण आहे. तू तेवढी बशीत आहेस, कपाटावर, झाकण घालून. बाबा तुला लावत नाहीत, कारण पहाटेच्या पाळीत तू नेमकी कुठे उभी असतेस ते त्यांना ठाऊक नाही, आणि अंदाजाने लावायला ते तयार नाहीत. काल मला म्हणाले, "पुढच्या फोनला विचार ना तिला, डाव्या बाजूला की उजव्या." मी हो म्हटलं. पण मी विचारणार नाही, आणि तूही मला सांगू नकोस. बंदराला लागलीस की एखाद्या रविवारी सकाळी घरी फोन कर. रविवारी सकाळी मी कालवं आणायला बाजारात गेलेली असते, फोन त्यांनाच उचलावा लागेल.

तुझीच,
आई