गळ्याच्या ऑपरेशनआधी

माय, परवा माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. उद्या सकाळच्या गाडीने गोंदियाला जायचं. बॅग भरून दाराशी ठेवली आहे आणि मी ती पुन्हा पुन्हा उघडून बघते आहे, आत काय आहे ते पाठ असूनही. थायरॉइडची गाठ वाढली आहे. कॅन्सर नाही, पण श्वासनळीवर दाब येतो, काढावीच लागेल. डॉक्टर सगळं भराभर बोलले, एकच वाक्य हळू बोलले. आवाजाची नस गाठीला लागूनच असते, क्वचित तिला इजा होते. त्या 'क्वचित'नंतरचं मला काही ऐकूच आलं नाही. मी शाळेत शिकवते, माय. साठ पोरांचा वर्ग मी नुसत्या आवाजावर धरून ठेवते. याआधी दोनदा मी तारीख पुढे ढकलली, एकदा परीक्षांचं निमित्त करून, एकदा नात्यातल्या लग्नाचं.

हा आवाज तुला कधी आवडला नाही. लालबर्र्याच्या राइस मिलच्या आवारात तू उकडलेलं धान पायाने पसरवत असायचीस आणि मी रस्त्यावरूनच हाका मारत यायचे. "येवढ्यानं काहून बोंबलून राह्यली? मी का भैरी हाओ?" म्हणायचीस. मग माझे टॉन्सिल काढायचे ठरले. आदल्या दिवशी तू चुलीपुढे बसली आहेस, मी तुझ्या पाठीला चिकटून रडते आहे. बाबा समजूत घालतात, "मुंगी चावल्यावानी वाटन, बस." तू पेज ढवळायची थांबतेस. "काहून खोटं सांगता पोरीले?" आणि माझ्याकडे वळून, "दुखन. थुकाही गिळता येनार नाही. रडू आलं तं रड. मी दाराशी बसून राहीन, कुठंच जानार नाही." बाबा चिडले, पोरीला भेवडवते म्हणाले. मी मात्र रडायची थांबले. शुद्धीवर आले तेव्हा खरंच दुखत होतं, आणि तू खरंच तिथे होतीस.

आता मला तसं कोणी सांगत नाही. हे म्हणतात, आजकाल हे काहीच नाही. शाळेतल्या बाया म्हणतात, "कुछ नहीं होगा, मॅडम." घरी मुलगी तर वाक्य पुरं होऊच देत नाही. "मम्मी, टेन्शन मत लो." आज दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, पुन्हा तेच म्हणाली, आणि माझा तोल गेला. मी गॅस बंद केला. म्हटलं, "खरं सांग. तुले भेव नाही लागत?"

चिरणं थांबलं होतं, विळी अजून तिच्या पायाखाली होती. इथल्या हिंदी शाळेत शिकलेली ही पोर माझ्याशी हिंदीतच बोलते, मराठी तिला नुसती समजते असं मी धरून चालले होते.

"लागते," ती म्हणाली. "लय लागते."

मी तिच्याजवळ खाली बसले. विचारलं, आवाज गेला तर? तिने नाक पुसलं. "तो लिखकर डाँटना. मैं पढ़ लूँगी." आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता ती माझ्या खांद्यावर रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. मीही रडले. मग तिनेच विचारलं, आत नेतील तेव्हा मी कुठे थांबू? दाराशी, म्हटलं. भीती गेली असं नाही, माय. हे लिहिता लिहिता बॅग अजून एकदा उघडून बघितली. पण उद्याची गाडी मी चुकवणार नाही.

एक गोष्ट तिलाही सांगितली नाही. संध्याकाळी खोलीचं दार लावून मी फोनवर माझा आवाज रेकॉर्ड केला. असू द्यावा म्हणून. आधी वर्गाची हजेरी घेतली, मग दोनचा पाढा म्हटला, मग काही सुचेना. शेवटी तुला हाक मारली, पूर्वीसारखी, जोरात. तू गेल्यापासून तो शब्द मी तोंडाने उच्चारला नव्हता. रेकॉर्डिंग लावून बघितलं. पाढ्यापर्यंत ऐकलं, आणि बंद केलं.