‘खराब’ लिहिलेले डबे

ता. ९ जानेवारी

चि. बटणास काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला दोन महिने लागले, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसलो. पहिल्यांदा चष्म्याची काडी मोडली, दुसऱ्यांदा गुडघा धरला, आणि तिसऱ्यांदा काहीच मोडलं नाही, पण तुझ्या बाबांचं वाचून हात चालेना. माझ्याहून सहा वर्षांनी लहान तो. अर्धांगाचा झटका यायचाच तर आधी माझा नंबर होता, तिथेही त्यानं घाई केली. पाणी चमच्यानं पाजतेस ना? उताणं ठेवून पाजू नकोस, ठसका लागतो. खिडकीचा वारा थेट डोक्यावर येत असेल तर खाट सरकवायला सांग. दोनदा सांग, एकदा सांगून कोणी सरकवत नाही.

तिसऱ्या सिनेमाचे डबे आहेत का, असं विचारलंस. आहेत. सातही डबे माझ्या खाटेखाली आहेत, प्रत्येकावर माझ्या हातानं ‘तिसरा’ असं लिहिलेलं आहे. दर रविवारी पुसतो. उघडत नाही, कारण हवा लागली की फिल्म मरते असं तुझ्या बाबांनी बजावून ठेवलंय. तेव्हा तुझ्या संग्रहालयवाल्या साहेबांना सांग की निर्धास्त या.

त्यांना आमच्या स्टुडिओचा इतिहास हवाय म्हणतेस. इतिहास कसला, बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. भिंती दोन हात जाड, आत भुसा भरलेला, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नसे. तुझ्या बाबांनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि म्हणाले की झाला आपला स्टुडिओ. मी चौथी शिकलेला सुतार, माझं कोण ऐकतं? एकोणीस वर्षांत चौदा सिनेमे काढले. दार एकच होतं. दर सिनेमाला नवा रंग दिला की नवं घर. आता टवका उडाला की चौदाही रंग मोजता येतात. जिना होता सात पायऱ्यांचा, वर काही नाही. नट चढून जायचा आणि शॉट संपेपर्यंत फळीवर उकिडवा बसून राहायचा. एकदा आमच्या खलनायकाला वर विसरून आम्ही सगळे जेवायला गेलो. देह असा की एकट्याला उतरता येईना. परत आल्यावर त्यानं ज्या शिव्या घातल्या, तो जोर त्याला कॅमेऱ्यापुढे एकदाही जमला नाही. गर्दी दाखवायची तर आमचीच अकरा माणसं कॅमेऱ्यामागून पळत जाऊन टोप्या बदलून पुन्हा यायची.

तुझी आई कपडेपट सांभाळायला आली होती. तिसऱ्याची नायिका पहिल्याच दिवशी आमचा जिना बघून निघून गेली. तिचे कपडे तुझ्या आईला बसायचे, कारण शिवताना मापाला तीच उभी राहिली होती. एवढ्यावर ती नायिका झाली. पण दिव्यांच्या झोतात तिला खडूची खूण दिसेना, आणि खाली बघितलं की तुझे बाबा ओरडायचे. आमचा कॅमेरा असा की पाऊल वीतभर चुकलं तरी चेहरा धुरकट. मग मी जमिनीवर भुसा पसरला, तिला आपल्या चालीनं चालायला सांगितलं, आणि जिथे पाऊल उमटलं तिथे बोटभर रुंदीची लाकडी पट्टी ठोकली. दारापासून टेबलापर्यंत पाच पट्ट्या. पायाच्या बोटानं चाचपत ती मान वर ठेवून चालायची. बाकी माझं कर्तृत्व काही नाही.

पुढे कॅमेरा गेला, माणसं गेली, गाद्यांचं गोदाम झालं, मी राखणदार राहिलो. मालकानं मार्चअखेर जागा सोडायला सांगितलंय, पाडून गाड्या उभ्या करायची सोय करणार आहे. तोवर डब्यांवर पाण्याचा थेंब पडणार नाही. दोन वर्षांपूर्वी छप्पर गळायला लागलं तेव्हा मागच्या खोलीत ‘खराब’ लिहिलेले तीसेक डबे उगीच पडून होते. जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये किंचित चांदी असते, ती धुऊन काढणारा एक जण आहे. त्याला ते सगळे दिले आणि बदल्यात खाटेवरच्या छपराला नवे पत्रे घालून घेतले. आयुष्यात केलेला हा एकच शहाणपणाचा व्यवहार. तो ह्या सात डब्यांसाठी केला.

धाकट्याच्या कपाळावरून माझा हात फिरव. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
काका

---

ता. २ फेब्रुवारी

ती. काकांस बटणाचा सा. न. वि. वि.

पत्र उशिरा आलं पण चांगलं लांबलचक आलं, म्हणून माफ. बटण गिळलं तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि आता बेचाळीसची आहे, हे मात्र तुम्ही एकदा लक्षात घ्या. इथल्या नर्सबाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं, आता सगळा वॉर्ड मला बटणताई म्हणतो.

बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. जागा पाडणार ते आणि छपराचं तेवढं गाळलं. खलनायकापाशी त्यांचं अर्धं तोंड हसलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. पण ‘तिसरा’ लिहिलेले डबे काकांनी जपून ठेवलेत असं सांगितलं, आणि बाबांचा चेहरा बदलला. बोलता तर येत नाही. डाव्या हातानं पेन्सिल मागितली आणि औषधाच्या कागदामागे लिहिलं, खराब. मी म्हटलं, काय खराब? तर पुन्हा तेच. त्या दिवसापासून रोज लिहितात. नर्सबाई म्हणतात, माणसं आजारपणात स्वतःलाच दोष देतात. मी म्हटलं बाबा, तुम्ही अजिबात खराब नाही, तर रागानं खाटेच्या दांड्यावर हात आपटला.

काका, तुम्हाला काही उमगतंय का? खराब डबे तर तुम्ही देऊन टाकलेत, मग त्यांना ते का आठवावेत?

मार्चच्या बावीस तारखेला संग्रहालयाचे साहेब माझ्याबरोबर येतील आणि डबे नेतील. नीट करून पडद्यावर लावतो म्हणाले. खरं सांगू का, सिनेमा चांगला आहे की वाईट ह्याच्याशी मला कर्तव्य नाही. आई गेली तेव्हा मी नऊ महिन्यांची. माझ्याकडे तिचा एक फोटो आहे, त्यातही ती सुईत दोरा ओवतेय, मान खाली. बाबांनी तिच्यानंतर तो सिनेमा कुणालाच दाखवला नाही. लहानपणी मी विचारायचे, आई कशी चालायची? म्हणायचे, मोठी हो, मग सिनेमात बघ. आता तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी झालेय.

गुडघ्याला शेक देत जा. लोभ असू द्या.

तुमची,
बटण

---

ता. ८ फेब्रुवारी

चि. बटणास काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ह्या वेळी उलट टपाली लिहितोय. आधी बाबांना हे वाचून दाखव, जेवणं, औषधं नंतर.

त्याला सांग की काकाला कळलं. आमच्या स्टुडिओत भाड्यानं येणारे कॅमेरावाले कोऱ्या फिल्मचे डबे पळवायचे. म्हणून तुझ्या बाबांनी पद्धत पाडली की चांगल्यावर ‘खराब’ लिहायचं आणि खराबावर चांगलं नाव, म्हणजे चोराच्या हाती कचरा लागेल. लेबलं मी लिहायचो. त्याचं म्हणणं, दादा तूच लिही, चोर तुझं अक्षर वाचायला बसलाच तर अर्ध्या वाटेत दमेल. तुझी आई गेल्यावर लोक तिसरा मागायला यायचे, आणि नेलेला सिनेमा कोणी परत करत नसे. तेव्हा त्यानं तिसऱ्याचीही तशीच अदलाबदल केली. तर तुझी आई ‘तिसरा’ लिहिलेल्या डब्यांत नाही, ‘खराब’ लिहिलेल्या सात डब्यांत आहे. एवढंच तो सांगत होता.

आणि ते सात माझ्याकडे आहेत. चांदीवाल्याला दिले ते दुसरे. हे सात मी आधीच बाजूला काढले होते, लोखंडी पेटीत, जाड कापडात गुंडाळून. गेल्या पत्रात लिहायचं राहिलं. म्हाताऱ्याचं डोकं, राहून जातं. पेटीला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात आहे. त्याला सांग की गळ्यात आहे.

त्यानं आता लिहायचा त्रास घेऊ नये. त्याला काय वाटलं ते कळव. लोभ ठेव.

तुझा,
काका

---

ता. २० फेब्रुवारी

ती. काकांस बटणाचा सा. न. वि. वि.

तार पोचली असेल. बाबा सोळा तारखेला सकाळी गेले. तुम्हाला प्रवास झेपणार नाही हे माहीत होतं, त्यामुळे आला नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नका.

तुमचं पत्र बारा तारखेला आलं. मी हळूहळू वाचलं. किल्ली काकांच्या गळ्यात आहे, तिथे आल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि मुठीतली पेन्सिल सोडली. इतके दिवस ती काढून घेता येत नव्हती, नर्सबाईंशी भांडायचे. चार दिवस नुसते शांत पडून होते. काका, तुम्ही त्यांना सोडवलंत. मला ते जमलं नसतं.

बावीस तारीख बदललेली नाही. साहेब म्हणाले की एका छोट्या यंत्रावर तिथल्या तिथे थोडा भाग बघता येईल. मी नवी चप्पल घेतलीय, हसू नका. आईला पहिल्यांदा भेटायचं म्हणजे कसं जावं, ते कळेना.

तुम्ही जपा. आता मोठं असं तुमच्याशिवाय मला कोणी नाही.

तुमची,
बटण

---

ता. १४ मार्च

चि. बटणास काकाचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर घे. वि. वि.

पुन्हा उशीर. ह्या वेळी चष्मा, गुडघा सगळं जागेवर होतं. धीर नव्हता.

पेटी नाही. किल्ली आहे, पण ती कोळशाच्या खोलीची. सातच्या सात डबे मी चांदीवाल्याला देऊन बसलो होतो, त्या तीसांतच ते होते. तुझ्या पत्रात ‘खराब’ वाचलं तेव्हा आठवलं. खाटेखालचे डबे ओढले आणि पहिल्यांदा उघडले. चारांत फिल्मचा गोळा होऊन आंबट वास मारतोय. तिनांत दाराचे तुकडे आहेत, दिव्याचे तुकडे आहेत, खलनायकाची पाठ आहे. तुझी आई कुठेच नाही. मी कचऱ्यावर छप्पर घातलं आणि त्यासाठी तिला विकलं.

तुझ्या बाबांनी माझ्यापासून लपवलं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं. त्यानं सांगितलं होतं. ती गेल्यानंतरच्या आठवड्यात माझ्यासमोर बसून सांगितलं, आणि दोन्ही लेबलं मी लिहिली. मग इतकी वर्षं ‘तिसरा’ पुसत राहिलो, पुसता पुसता तेच खरं वाटायला लागलं. दुसऱ्याला फसवायला लिहिलेल्या अक्षराला मीच फसलो.

चांदीवाल्याकडे जाऊन आलो, दोन बस बदलून. माणूस वाईट नाही. त्यानं बसवलं, सगळं शोधलं. फिल्म धुतली की काचेसारखी स्वच्छ होते, ती तो शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालायच्या पट्ट्या कापणाऱ्याला देतो. तिथेही गेलो. म्हणाला की दोन वर्षांपूर्वीचा माल कधीच शर्टांत गेला. मी रस्त्यानं परत येताना लोकांच्या गळ्याकडे बघत होतो. वेड लागल्यासारखं झालं होतं.

धाकटा माझ्या थापेवर डोळे मिटून गेला. त्याचं समाधान मानावं की तोंड लपवावं, मला समजत नाही. ‘तुम्ही त्यांना सोडवलंत’ असं लिहिलंस, तिथून पुढे माझ्यानं वाचवेना.

साहेबांना येऊ देऊ नकोस, त्यांना न्यायला काही नाही. तू मात्र ये, असं म्हणण्याचं तोंड मला नाही, तरी एक लिहितो. गोदाम झालं तेव्हा जमिनीवर चिकटवलेलं मेणकापड परवा सगळं फाडून काढलं. मी ठोकलेल्या पाच पट्ट्यांपैकी तीन आहेत. दोन कुजून गेल्यात, पण खिळ्यांची भोकं आहेत. पहिलं अंतर मोठं आहे, कारण दारातून निघताना ती नेहमी घाईत पाऊल टाकायची. मधली दोन सारखी. शेवटचं लहान, टेबलाशी येताना ती जरा अडखळल्यासारखी थांबायची. डावा पाय किंचित बाहेर पडायचा, त्या पट्ट्या मी तिरप्या ठोकल्यात. मी चालून बघितलं, पण म्हाताऱ्याच्या पायांना ते जमत नाही. तुझ्या पायांना जमेल.

तीन पट्ट्या आणि दोन पट्ट्यांची भोकं म्हणजे आई नव्हे, एवढं मला कळतं. उपटून पाठवल्या असत्या, पण मग नुसतं लाकूड पोचलं असतं. मापं कागदावर उतरवली होती, तो कागद फाडून टाकला. माझ्या लिहिण्यावर माझाच भरवसा उरलेला नाही.

एकतीस तारखेला पाडायला येणार आहेत. माझं तोंड बघायचं नसेल तर मी सकाळीच बाहेर जाऊन बसेन, दार उघडं ठेवीन. चप्पल काढून चाल, नाहीतर पट्टी लागणार नाही. येणार नसलीस तर तसं लिही, शिव्या लिही, पण मालकाला आणखी थोडे दिवस थोपवून धरायचं की नाही, तेवढं दोन ओळींत लवकर कळव. टपाल दुपारी येतं, मी दारातच बसलेला असतो.

तुझा,
काका