मुरमावरचा पाट

पुकाउर्कूचा उतार,
२० फेब्रुवारी १९८३

चि. सातुर्निनास,
दादाचे आणि वहिनीचे अनेक आ. वि. वि.

डॉन लिओन्सिओचा ट्रक परवा फाट्यावर येऊन गेला. यंदाची सहा गाठोडी त्याच्याकडे दिली आहेत, ती तुमच्याच गिरणीत उतरतील. लोकर निवडताना आपल्या घरचं गाठोडं तुला ओळखू येईल का, यावर युसेबियाने माझ्याशी पैज लावली आहे. ती म्हणते, वन्सं डोळे झाकून ओळखतील. मी म्हटलं, सात वर्षं अरेकिपात राहिलेली बाई, ती आता अल्पाकाला मेंढी म्हणत असेल!

पाऊस जरा रुसला आहे. डिसेंबरात दोनदा शिंतडला, मग गप्प. पण तू काळजी करू नकोस, पाणकुरण अजून हिरवं आहे आणि जनावरं एकशे त्रेचाळीस आहेत, त्यांतली कानात लाल गोंडा बांधलेली एकोणीस तुझी. आई ठणठणीत आहे, म्हणजे सकाळपासून मला शिव्या देते. परवा म्हणाली, तुझं तोंड बघूनच ढग मागे फिरतात.

घरचा गोठवून वाळवलेला बटाटा, चुन्यो, पाठवतो आहे. शहरातले बटाटे खाऊन पोट बिघडलं असेल. पत्र धाड, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
निकासियो


अरेकिपा,
१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी पैज जिंकली. गाठोडं सोडलं आणि वासानेच ओळखलं. आपल्या चुलीचा धूर आहे त्यात.

पण दादा, मी ती लोकर बोटांवर घेऊन ओढली. कातडीकडच्या टोकाला, नखभर अंतरावर, ती काडकन तुटते. एका जनावराची नाही, सगळ्यांची. आमच्या टेबलावर याला भुकेची लोकर म्हणतात. जनावर उपाशी राहिलं की केस तिथेच बारीक होतो, मग वर कितीही चांगला वाढलेला असो. आमची मुकादमीण म्हणाली की हा कळप कुणाचा असेल तो बिचारा बुडाला. मी पुढचं गाठोडं ओढून सोडायला घेतलं.

म्हणजे तू पत्रात लिहिलंस ते खोटं आणि लोकरीने सांगितलं ते खरं. आईची शपथ आहे, आता नीट लिही. किती जनावरं उरली? झरा वाहतो का? आई जेवते का?

उत्तराची वाट बघते. रागावले आहे, पण तुझीच आहे.

सातुर्निना


पुकाउर्कू,
२४ एप्रिल

चि. सातूस,
आशीर्वाद. वि. वि.

पकडलंस. तर ऐक. जनावरं अठ्ठ्याऐंशी उरली. झरा कार्निव्हलच्या सणालाच आटला. कुरण कडेकडेने वाळून तपकिरी पडलंय. फक्त मधला तुकडा हिरवा आहे, आपल्या अंगणाच्या चौपट असेल. कोरड्या जमिनीवर चालून अल्पाकांचे तळवे फाटलेत. त्यांना मुरूम सोसत नाही, चिखलच हवा.

वर बर्फाच्या काठाशी ओढा मात्र आहे. दुपारी खळखळून वाहतो आणि तीनशे पावलांत नाहीसा होतो. तुला आठवतंच आपला डोंगर, खाली सगळी राख आणि पाय घासायच्या वज्रीसारखे पोकळ खडे, कितीही ओता, पिऊन टाकतो. मी ओढ्यापासून कुरणापर्यंत पाट खणला. पंचेचाळीस दिवस लागले. पहिल्या दिवशी पाणी सोडलं तर ते माझ्या डोळ्यांदेखत मुरमात शिरलं. शेवटी पायाखाली नुसती ओल राहिली, मग तीही गेली.

म्हणून पाटाच्या तळाला कुरणातल्या वाळक्या गवताच्या लाद्या कापून बसवल्या. तेवढ्यावर पाणी बरंच खाली आलं. पण वाळकी लादी चुरते. शेवटच्या दोनशे पावलांना जिवंत लाद्याच हव्यात, मुळांनी घट्ट विणलेल्या. आणि त्या फक्त त्या हिरव्या तुकड्यात आहेत. तो कापला आणि पाणी आलं तर कुरण परत धरेल. नाही आलं तर उरलेली जनावरं खातील काय?

आता आई सांगते ते लिहितो. एक शब्द गाळलास तर घास अडकेल म्हणते. ती म्हणते: बाई, तुझा भाऊ खुळा झालाय. या डोंगराला तोंड आहे, पोट आहे, तळ नाही. तुझ्या आज्यानेही असाच पाट खणला होता, त्यात फक्त त्याची कंबर गेली. आणि आता हा ज्याला वाचवायचं त्याचंच कातडं सोलायला निघालाय. त्याला सांग, मी जिवंत असेपर्यंत त्या हिरव्याला फावडं लागणार नाही. आणि हे लिहिताना तो नाक फेंदारतोय, तेही लिही म्हणते. लिहिलं.

सातू, तुझीही जनावरं आहेत, तुझा शब्द हवा. सान हुआनच्या दिवसापर्यंत, २४ जूनपर्यंत, थांबतो. त्यापुढे थांबणं जमणार नाही. लवकर कळव.

निकासियो


अरेकिपा,
२९ मे

ती. दादास, आईस, वहिनीस,
नमस्कार.

कापू नकोस. आई बरोबर सांगते. चालतील तेवढी जनावरं वहिनीच्या भावाकडे हाकलून न्या, तिथे नदी आहे म्हणतोस ना? आणि तुम्ही तिघं इकडे या. माझी खोली लहान आहे, पण चार माणसं कुशीवर झोपतात तिच्यात. आईला सांग, इथे ऊन फुकट मिळतं.

तुझं पत्र कालच हातात पडलं. लोकर नाही म्हणून डॉन लिओन्सिओ तिकडे फिरकत नाही. हे पत्र मी तीन ठिकाणी विनवण्या करून पाठवते आहे. देवा, ते वेळेत पोचू दे. दादा, एवढं एक माझं ऐक.

सातुर्निना


पुकाउर्कू,
२१ ऑगस्ट

वन्सं,
नमस्कार. ही मी युसेबिया. माझ्या अक्षराला हसू नका, दोनच वर्षं शाळेत गेले. ह्यांना लिहायला सांगितलं तर हे कागदाकडे बघत बसतात.

तुमचं पत्र १० जुलैला आलं. हिरवं २५ जूनलाच कापायला घेतलं होतं. ह्यांनी एक दिवस जास्तच वाट पाहिली. सासूबाई फावड्यासमोर जाऊन बसल्या होत्या. हे शेजारी बसून रडले. मग त्याच उठल्या आणि म्हणाल्या, कापायचंच तर नीट काप, हातभर जाड, मुळं तोडू नकोस. आम्ही तिघांनी आठ दिवस पाठीवर लाद्या वाहिल्या. २ जुलैला दुपारी पाणी कुरणात आलं, वन्सं. हाताच्या पंजाएवढं रुंद. हे त्यात झोपले, कपड्यांसकट. सासूबाई म्हणाल्या, ऊठ रे म्हशा, पाणी अडवू नकोस.

सहा दिवस आलं. सातव्या सकाळी पाहिलं तर लाद्या वीतभर वर उचललेल्या. जुलैच्या कडाक्याच्या थंडीने मुरमात बर्फाच्या सुया उगवल्या होत्या, त्यांनी ढकलल्या. ऊन पडल्यावर सुया वितळल्या आणि खाली नुसती चाळण. पाणी गेलं.

हे तिथेच फावडं टाकून बसले. सासूबाईंनी मात्र लाद्या एकेक दाबून बसवायला घेतल्या. म्हणाल्या, हिला पांघरूण हवं. रोज ऊन कललं की त्या दोनशे पावलांवर वाळकं इचु गवत अंथरायच्या, वर दगड ठेवायच्या, सकाळी पुन्हा काढायच्या. मी म्हणायचे मी करते, तर म्हणायच्या, तू जनावरं बघ, तुला दाट अंथरता येत नाही. पंधरा दिवस केलं. लाद्या पुन्हा उचलल्या नाहीत. पण कुरणाचं कातडं आम्हीच सोललेलं. पाणी यायचं ते त्या काळ्या खड्ड्यात उतरून मुरमाला मिळायचं. त्यांनी ते पाहिलं होतं. तरी अंथरत राहिल्या.

मग छातीत कफ भरला. फाट्यापर्यंत नेऊ म्हटलं तर नको म्हणाल्या. ३ ऑगस्टला गेल्या. शेवटी कुणाशी भांडल्या नाहीत, त्यावरूनच मी ओळखलं. तुमचं नाव दोनदा घेतलं.

खड्डा तीनदा खणावा लागला. या जमिनीत कडा उभी राहत नाही, खणावं तेवढं परत आत येतं. शेवटी ह्यांनी दाराची फळी काढून कडेला लावली. तेव्हापासून घराला दार नाही, घोंगडी टांगली आहे.

जनावरं सत्तावीस आहेत. हे अर्धा घास टाकून उठतात. तुम्ही यांना काहीतरी लिहा, वन्सं. चार शब्द मायेचे लिहा.

युसेबिया


अरेकिपा,
९ सप्टेंबर

निकासियो,

तू तिला पाटासाठी खर्ची घातलंस. मी नको म्हटलं होतं. तिने नको म्हटलं होतं. पत्र वेळेत पोचलं नाही हे कारण मला सांगू नकोस. ती समोर बसली होती, ती तर पोचली होती ना?

रोज दुसऱ्यांच्या लोकरी हातात येतात आणि मी प्रत्येकीत तो तुटका भाग शोधते. मला पुन्हा लिहू नकोस. वहिनीला सांग, माझ्याकडे मायेचे शब्द उरले असते तर धाडले असते.

सातुर्निना


पुकाउर्कू,
१५ जानेवारी १९८४

सातुर्निना,

लिहू नकोस म्हणालीस. म्हणून हे पत्र समजू नकोस, घरची खबर समज. तुझी जनावरं आहेत, ती कळवणं भाग आहे.

तू लिहिलंस त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. ती समोर बसली होती आणि मी फावडं खाली ठेवलं नाही, थांबलो फक्त. रडलो म्हणून तिला दया आली. रडलो नसतो तर ती उठली नसती, हे मला माहीत आहे.

पाऊस २० डिसेंबरला सुरू झाला. रोज दुपारी गारा पडतात, मग पाऊस. झरा परत आला नाही. कुरणाच्या जागी काळा खड्डा आहे, त्यात पाणी साचतं आणि संध्याकाळपर्यंत आटतं. गवताचं पातं नाही. युसेबियाच्या भावाने सांगितलं की ते परत धरायला माणसाचं आयुष्य जातं.

पाटाच्या वरच्या भागातल्या लाद्या वाळून वाऱ्याने उडाल्या. शेवटची दोनशे पावलं मात्र जगली. ज्यांच्यावर आईने गवत अंथरलं त्या लाद्यांतली एकही मेली नाही. आता त्या फुटून दोन्ही बाजूंना चालल्या आहेत, मुळं मुरमात उतरली आहेत. एवढ्या करड्या उतारावर एकच हिरवी रेघ दिसते, दोन हात रुंद. जनावरं अकरा उरली. त्यांना पसरायला जागाच नाही, म्हणून एकामागे एक ओळीने उभी राहून चरतात. लाल गोंड्याची त्यांत तीन आहेत.

वळवायला युसेबिया जाते. मला त्या रेघेवर पाय ठेवता येत नाही. सकाळी मी खाली दगडावर बसतो आणि माणसं मोजावीत तशी ती अकरा जनावरं मोजतो. तिच्या हातून एखादं निसटलं तर हाक मारतो. एवढंच माझं काम.

दार बसवलं. डॉन लिओन्सिओने फळी आणून दिली.

लोभ ठेव म्हणायचा हक्क राहिला नाही. ट्रक महिन्यातून एकदा येतो आहे, तिकडून निघताना चालकाशेजारची जागा रिकामी असते.

निकासियो